जाताना वजा, येताना अधिक

शाळेत गणित शिकवायला लागल्यापासून एक उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले आहे. एका विमानाला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बाराशे किलोमीटर जायला तीन तास लागतात. तेच अंतर वाऱ्याच्या दिशेने परत यायला दोन तास लागतात. तर विमानाचा वेग किती आणि वाऱ्याचा वेग किती? जळगावच्या ज्या भागात माझी शाळा आहे तिथली मुलं विमानात बसलेली नसतात. मीही नाही. त्यानं काही अडत नाही. विमानाचा वेग एक्स मानायचा, वाऱ्याचा वाय. जाताना वारा अडवतो म्हणून एक्स वजा वाय, येताना ढकलतो म्हणून एक्स अधिक वाय. एवढं कळलं की उरलेलं काम बेरीज-वजाबाकीचं. वर्गातली बहुतेक मुलं सोडवतात. जी सोडवत नाहीत ती कंटाळलेली असतात, अडलेली नसतात.

या उदाहरणात खरोखर अडलेली माणसं मी एकदाच पाहिली. दोघं होती, आणि दोघंही माझ्या माहेरची.

माझं माहेर भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. घरची केळी. वडिलांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ धुळ्याला एका सरकारी कार्यालयात नोकरीला होता. सोमवारी सकाळी मोटारसायकलवर धुळ्याला जायचा, आठवडाभर तिथे खोलीवर राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचा. बायको आणि पाचवीतला मुलगा गावात, आबांजवळ. केळीच्या घरातला एक माणूस नोकरीत असावा असं आबांचंच म्हणणं होतं, कारण नोकरी वाऱ्यानं आडवी होत नाही.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, झाली, मी माहेरपण उरकून जळगावला परत आले आणि पुढच्याच शनिवारी वादळ झालं. पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर बाभूळ पडली होती. भावाची गाडी अंधारात तिच्यावर गेली. त्या वादळात आमची निम्मी बागही झोपली, पण ती बघायला कोणी गेलं नाही.

सांत्वनाला दारावर येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. घराची घाई नडली. कोणी ते हळहळून म्हणत होतं, कोणी शहाणपणानं. आबाही दोन-तीनदा म्हणाले. भावजय आत बसलेली असायची आणि मधल्या दाराला कवाड नव्हतं.

तेराव्याला कार्यालयातला एक माणूस येऊन नीट समजावून गेला. अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरी मिळू शकते. बायकोनं अर्ज केला तर ती दहावी पास हवी. नाहीतर मुलगा सज्ञान झाल्यावर त्याचं नाव लावता येईल का ते बघता येईल, पण पुढे काय नियम असतील ते आज कोणी सांगू शकत नाही. आणि अर्ज कोणाचाही असो, घरातल्या बाकीच्यांची लेखी संमती लागेल.

भावजय दहावीला बसलेली होती. गणितात गेली होती आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं.

आबांनी त्या माणसाला चहा दिला आणि तो गेल्यावर निकाल सांगितला. "नातू मोठा व्हई, मंग त्यानं नाव लावू. तवलोंग आपन शेतसच ना."

तोवर आपण आहोतच. आबा तेव्हा सत्तरीला टेकलेले होते. तेराव्याला भांडण करायचं नसतं एवढं मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.साठी निघाले. भावजय डोक्यावर पदर घेऊन फाट्यापर्यंत आली. सव्वा महिना झालेला नसताना तिनं उंबरा ओलांडणं आमच्यात बसत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलायची, आबांशी अहिराणी.

"अक्का, दहावीचं गणित तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते."

"मला येईल?"

"तेव्हा का आलं नव्हतं?"

"तेव्हा गरज नव्हती."

एवढा सरळ जबाब मला शाळेत कोणी दिलेला नाही. मी तिला सांगितलं की दर रविवारी येईन, दिलेलं काम झालेलं नसेल तर त्याच गाडीनं परत जाईन आणि रडायचं असेल तर सोमवार ते शनिवार रडून घ्यायचं. ती म्हणाली, "चालेल."

जुनी गुणपत्रिका आता उपयोगाची नव्हती. बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आणि सगळे विषय पुन्हा. तो मी भडगावच्या शाळेतून भरून घेतला. आबांना सांगितलं, विचारलं नाही. ते म्हणाले, बसू दे, तेवढंच मन रमेल. नापास होणार याची त्यांना खात्री होती, म्हणून विरोध केला नाही. मला ते सोयीचं पडलं.

रविवारची शिकवणी ओट्यावर व्हायची. आत अंधार होता आणि आबा ओट्यावरून उठत नव्हते. त्यामुळे आमची प्रत्येक ओळ त्यांच्या कानावर पडायची. भूमिती तिला पटकन आली. टेलरिंगचा क्लास केलेल्या बाईला कोन आणि लांब्या शिकवाव्या लागत नाहीत. अपूर्णांकांना वेळ लागला. दिवाळीच्या सुमारास आम्ही दोन चलांतल्या समीकरणांवर आलो. वयांची उदाहरणं तिनं सोडवली, नाण्यांची सोडवली. मग मी विमान काढलं.

तिनं वहीत लिहिलं: जाताना एक्स वजा वाय बरोबर चारशे. येताना एक्स वजा वाय बरोबर सहाशे.

"दोन्हीकडे वजा?"

"वारा दोन्हीकडे आहे ना."

"कर मग वजाबाकी."

तिनं केली. डावीकडे शून्य आलं आणि उजवीकडे दोनशे. शून्य बरोबर दोनशे. 

"दोनशे हरवले," ती म्हणाली.

मी तिथेच वही मिटली. माझ्या मनात आलं ते कोणाच्याही मनात आलं असतं. वारा हा शब्द या घरात सहा महिन्यांपूर्वी काय करून गेला ते मला माहीत होतं. आणि वारा मदत करतो असं मी या बाईला लिहायला लावत होते. मी म्हटलं, हे उदाहरण राहू दे, दुसरं घेऊ, मला समजतं.

"काय समजतं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"नाही अक्का, तसं नाही." ती जरा ओशाळली, माझ्यासाठी. "केळीच्या घरात वारा कधी जमेला धरतात का? मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. वारा आला की गेलंच. कमी आला की कमी गेलं."

ओट्याच्या टोकाकडून आबा म्हणाले, "खरं शे. वारा काय देस वं? वारा लई जास." देत नाही, घेऊन जातो.

"आबा, हे विमान आहे," मी म्हटलं. "विमानाला घड लागत नाहीत."

"मंग येतांना इतलं जोरमा कसं उनं?"

"तेच सांगते आहे. वाऱ्यानं ढकललं."

आबांनी मान हलवली. भावजयीनं माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "घरी यायचं होतं म्हणून जोरात आणलं असेल. येताना माणूस जोरातच येतो."

"वेग एक्स धरलाय. एक्स बदलत नाही."

"इमान चलावनारा भी मानूसच ना," आबा म्हणाले. "त्याले घर याद येस."

सासरा आणि सून एका बाजूला असं त्या घरात मी प्रथमच बघत होते. दोघांचं म्हणणं असं की वारा नेहमी नुकसान करतो आणि परतीचा जादा वेग घराच्या ओढीचा असतो. त्यांच्या हिशेबात काही चुकत नव्हतं. फक्त उदाहरण सुटत नव्हतं.

मी त्यांना नीट समजतील अशी उदाहरणं शोधली. पुढच्या रविवारी सांगितलं की दादर ज्वारी उफणताना तुम्हीच वाऱ्याची वाट बघता, वारा पडला तर हात थांबवून बसता. मग वारा उपयोगाचा नाही का? भावजय विचारात पडली. मला वाटलं जमलं.

"भूस तं लई जास ना?" आबा म्हणाले. "मंग लई जावाना धंदा शे त्याना."

भावजय पदर तोंडाला लावून हसली. वैशाखानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा बघत होते, म्हणून वाद वाढवला नाही.

मग मी वाईट शिक्षक करतात ते केलं. पाठ करायला सांगितलं. दिशेने म्हणजे अधिक, विरुद्ध म्हणजे वजा. तिनं पाठ केलं आणि विमान सोडवलं. मी विमानाच्या जागी होडी घातली, वाऱ्याच्या जागी नदीचा प्रवाह, आणि पुन्हा दोन्हीकडे वजा आलं. विचारलं तर म्हणाली, "गिरणेला पाणी येतं तेव्हा काठची मळी घेऊन जातं." पाठांतर नाव बदललं की गळून पडतं. हे मला माहीत होतं, तरी करून पाहिलं.

हे सगळं एका उदाहरणासाठी कशाला, असं शाळेतली माझी एक सहकारी म्हणाली. एक प्रश्न सोडला तर काय होतं? दुसऱ्या कुठल्या मुलीला मीही तेच सांगितलं असतं. पण हिचा मी अंदाज काढला होता. भूमितीत ती तरली असती. बीजगणितात हा धडा गेला तर काठावरही येत नव्हती. ती नापास झाली तर पुढच्या वेळी आबा बसू देणार नव्हते. मन रमवायला दुसरं काही सापडलं असतं, म्हणजे केळीची पानं कापणं, निंदणी, गुरं. मुलगा सज्ञान होईपर्यंत ती आबांच्या शब्दावर राहणार होती आणि त्यानंतर मुलाच्या. आबा वाईट माणूस नव्हेत. पण दुसऱ्याच्या चांगुलपणावर किती वर्षं काढायची याचा आकडा मला दिसत होता आणि तिलाही दिसत होता.

संक्रांत झाली. थंडी उतरली आणि माघात वारा सुटला. त्या रविवारी मी विमान, होडी सगळं सोडून एक सायकलवाला घातला. सायकलवाला एका गावाहून दुसऱ्या गावी वाऱ्याच्या विरुद्ध जातो, वाऱ्याबरोबर परत येतो. तिनं उदाहरण वाचलं. पेन खाली ठेवला. आबा ओट्यावर केळीची सोपटं सोलून दोरीसाठी पट्टे काढत होते.

"अक्का, वारा खरंच आणतो का माणसाला?"

"आणतो."

"गाडीला पण?"

"मोटारसायकलला थोडा. आणतो."

मग तिनं वहीकडे बघतच सांगायला सुरुवात केली. सोमवारी तो धुळ्याला पोचला की फोन करायचा. शनिवारी निघताना करायचा. त्यामुळे जायला किती लागतात आणि यायला किती, हे तिला माहीत असायचं. जाताना नेहमी जास्त. येताना नेहमी कमी. यावरून त्यांची दर शनिवारी भांडणं व्हायची.

"मी म्हणायचे, येताना गाडी एवढी कशाला पळवता? कोण मरतंय इथे? ते म्हणायचे, मी पळवत नाही, वारा आणतो. जाताना तोंडावर असतो, येताना पाठीवर. मी म्हणायचे, थापा मारू नका."

आबांचे हात थांबले होते.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता, असं नंतर माझी मुलगी म्हणाली. मी विचारलं, "अंतर किती?"

"साठ. ते साठच म्हणायचे."

"जायला?"

"दीड तास."

"यायला?"

"एक तास आणि वर बारा-पंधरा मिनिटं."

"बारा धर. गणिताला पक्का आकडा लागतो. मांड."

तिनं मांडलं. साठ भागिले दीड, चाळीस. साठ भागिले एक पूर्णांक दोन दशांश, पन्नास. भागाकार करताना तिला वेळ लागला, मी मदत केली नाही. मग तिनं पहिलं समीकरण लिहिलं, एक्स वजा वाय बरोबर चाळीस. दुसऱ्या ओळीत एक्स लिहिला आणि पेन तसाच धरून बसली. वारा पश्चिमेचा होता, धुळ्याकडचा. ओट्यासमोरच्या तारेवरची धुणी सगळी एका बाजूला ओढली जात होती. ती त्या धुण्याकडे बघत होती की वहीकडे ते मला सांगता येणार नाही. तिनं अधिक लिहिलं. वाय लिहिला. बरोबर पन्नास.

बेरीज केली. दोन एक्स बरोबर नव्वद. एक्स बरोबर पंचेचाळीस. वाय बरोबर पाच.

"म्हणजे त्यांचा वेग पंचेचाळीस," ती म्हणाली. "जाताना पण. येताना पण."

"हो."

"येताना वाढवत नव्हते."

"या गणितात नाही." मला जास्तीचं काही कबूल करायचं नव्हतं. रस्ता गणितासारखा नसतो. मध्ये गावं येतात, ट्रक येतात, गतिरोधक येतात. वाराही दर शनिवारी पाचाचाच नसतो. हे मी तिला सांगितलं.

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "ताळा करू?"

"कर."

तिनं दोन्ही किमती दोन्ही समीकरणांत घालून ताळा केला. जमला. खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटच्या शनिवारी गाडी किती वेगात होती ते कोणत्याही समीकरणातून निघत नाही. त्या संध्याकाळी वादळ होतं, वारा कुठून कुठे होता हेसुद्धा कोणाला माहीत नाही. मी ते काढायच्या भानगडीत पडले नाही आणि तिनं मला विचारलं नाही. पण घराची घाई नडली हे वाक्य आबांच्या तोंडून त्यानंतर मी ऐकलं नाही. त्या दिवशी ते टोमणा न मारता उठले, पट्टे गोळा केले आणि चप्पल घालून बागेकडे गेले. रविवारी दुपारी त्यांचं तिकडे काही काम नसतं.

त्यानंतर भावजय कधी अडली नाही. विमान, होडी, सायकल, पोहणारा माणूस, आगगाडीच्या डब्यातून चालणारा माणूस, सगळे तिनं सोडवले. वजाचं चिन्ह लिहिताना ती सरळ लिहायची. अधिकचं लिहिण्याआधी जराशी थांबायची. मी टोकलं नाही. परीक्षेत तेवढा वेळ असतो.

परीक्षेचं केंद्र भडगावला होतं. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेले. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पालकांची गर्दी होती, सगळे आमच्यापेक्षा तरुण, आणि त्यांच्यात आबा उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, खत आणायला आलो होतो. खताचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

मुलांच्या लोंढ्याबरोबर ती बाहेर आली. साडी, हातात पारदर्शक पाऊच, गळ्यात ओळखपत्र. वर्गातल्या पोरी तिला पेपरआधी मॅडम समजून उभ्या राहिल्या होत्या म्हणे.

"काय आलं?"

"वारा नाही आला," ती म्हणाली. "नदी आली."

"काय केलंस?"

"होडीचा एक्स, पाण्याचा वाय. जाताना वजा, येताना अधिक."

"उत्तर?"

"पूर्णांकात आलं."

"मग बरोबर असेल."

येताना खताची गोणी मात्र रिक्षात नव्हती.

निकाल लागला तेव्हा आखाजी होऊन गेली होती. गणितात ती काठावर पास झाली. भूमितीनं तारलं, पण बीजगणितानं बुडवलं नाही एवढं खरं. मोबाईलवर गुण बघून तिनं ते मला तीनदा वाचून दाखवायला लावले. मग देवापुढे दिवा लावला आणि भाजी चिरायला बसली.

संमतीचा कागद आबांपुढे ठेवायचं काम माझं होतं. मी दुसऱ्या शनिवारी गेले. जाताना सगळे मुद्दे मनात लावून ठेवले होते. आबांनी कागद वाचला. वाचायला चष्मा लागतो, तो त्यांनी घातलेला नव्हता. तरी बराच वेळ धरून बसले.

"ती गयी का पोऱ्या भी जाई," ते म्हणाले. "मंग या घरमा कोन?"

नातवाच्या नावाचा हट्ट हा इतका काळ मी जमिनीचा, वंशाचा, जुन्या वळणाचा समजत होते. तसा तो थोडा होताही. पण मुख्य मुद्दा हा होता आणि तो ते वर्षभर बोलले नव्हते. माझ्या लावून ठेवलेल्या मुद्द्यांत याला उत्तर नव्हतं. मुलगा वारला होता, मुलगी जळगावला होती. घरात कोण, या प्रश्नात मी एक्स-वाय काय मानणार?

उत्तर भावजयीनं दिलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, आबांशी, पण अहिराणीत नाही. कदाचित ठरवून ठेवलेलं होतं म्हणून शाळेच्या भाषेत आलं.

"मी सोमवारी जाईन आणि शनिवारी येईन, आबा. हे जात होते तसं. मुलगा इथल्या शाळेतच राहील, तुमच्याजवळ. दहावीपर्यंत."

मी तिच्याकडे बघितलं. हे तिनं माझ्याशी बोललेलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी विरोध केला असता. आई म्हणून तिनं काय देऊ केलं होतं ते मला कळत होतं आणि आबांनाही कळलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. नातवाचा डबा कोण करेल असं विचारलं. ती म्हणाली, शेजारच्या काकूंशी बोलले आहे, सकाळची भाकरी त्या टाकतील. आबांनी चष्मा मागवला, घातला, सही केली.

अनुकंपेच्या यादीत नाव लागून पत्र यायला पुष्कळ काळ गेला. त्या काळात ती बागेत कामाला जात होती, आबा पुन्हा जुन्या सुरात बोलू लागले होते आणि मलाही वाटलं होतं की आता काही होत नाही. मग पत्र आलं. आता ती त्याच कार्यालयात आहे. भावाची खोली सुटून गेली होती, तिनं दुसरी घेतली. सोमवारी पहिल्या गाडीनं धुळ्याला जाते, शनिवारी संध्याकाळी येते. मुलगा उंच झाला आहे आणि आईशी शनिवारी पहिला तासभर बोलत नाही. ती म्हणते, चालतं, रविवारी बोलतो.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी गावात होते. बागेला नवीन शेवरी लावली आहे, वाऱ्याला आडोसा म्हणून, ती दाखवायला आबांनी नेलं होतं. परत येऊन ओट्यावर बसलो. गाडीची वेळ होत आली होती. आबांनी तारेवरच्या धुण्याकडे बघितलं.

"वारा कथाईन शे आज?"

कुठून आहे, हे त्यांना मला विचारायची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही बघितलेलं नाही.

"धुळ्याकडून," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. समाधान झाल्यासारखी.

"आबा, ती एस.टी.नं येते. एवढ्या मोठ्या गाडीला वाऱ्यानं काय फरक पडतो?"

"तुन्हा पुस्तकमा तं पडस ना," आबा म्हणाले, आणि फाट्याकडे बघत बसले.